सिलिकॉनला लागलेला हायड्रोजन: सायलेन पायरीपायरीने

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला परांची लागली होती. पाऊस यायच्या आत ओल थांबवायची म्हणून वॉटरप्रूफिंगवाला पंपाने भिंतीवर पाण्यासारखं पातळ काहीतरी मारत होता. खाली ठेवलेल्या कॅनवर ‘सायलेन’ असं ठळक छापलेलं. तिसऱ्या मजल्यावरची मनाली रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. ती कॅनकडे बघून थबकली आणि म्हणाली, “काकू, सायलेन तर हवा लागली की पेटतं ना? मग हा माणूस ते भरउन्हात भिंतीवर कसं मारतोय?”

प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर तिच्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या हायड्राइडांबरोबर काम करते आणि संध्याकाळी पोरांना शिकवते. माझा अनुभव असा की हा धडा बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरू करतात. ‘सिलिकॉन कार्बनच्या खाली बसतो, म्हणून सायलेन अल्केनसारखे’ हे वाक्य पाठ होतं, आणि मग पुढची प्रत्येक गोष्ट अपवाद वाटायला लागते. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट धरून ठेवा: सिलिकॉन आणि हायड्रोजन यांच्या बंधात इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या बाजूला झुकलेले असतात. आगीपासून कचऱ्याच्या बाटलीपर्यंत सगळं त्यातून आपोआप उलगडतं.

पहिली पायरी: नावांचा गुंता सोडवा

मराठीत सिलिकॉन आणि सिलिकोन यांच्यात फक्त एका मात्रेचा फरक, आणि हार्डवेअरच्या दुकानात तर दोन्हींना सिलिकॉनच म्हणतात. सिलिकॉन म्हणजे मूलद्रव्य, चिपमधलं आणि सोलर पॅनेलमधलं. सिलिकोन म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा कणा असलेला बहुवारिक, खिडकीच्या फटीत भरतात तो. सायलेन (काही मराठी पुस्तकांत सिलेन) हे नाव काटेकोर अर्थाने फक्त सिलिकॉन आणि हायड्रोजनच्या संयुगांचं. एका सिलिकॉनला चार हायड्रोजन लागले की मोनोसायलेन, दोन सिलिकॉन आणि सहा हायड्रोजन म्हणजे डायसायलेन. एखाद्या हायड्रोजनच्या जागी इथाइल, क्लोरीन, इथॉक्सी असं काही बसवलं की त्याचं नाव पुढे लावायचं: ट्रायइथाइलसायलेन, ट्रायक्लोरोसायलेन.

घोळ इथेच होतो. चारही हायड्रोजन बदलून टाकले तरी नावाच्या शेवटी ‘सायलेन’ राहतंच. आमच्या भिंतीवर मारत होते तसल्या द्रवात साधारणपणे आयसोब्युटाइल किंवा ऑक्टाइल ट्रायइथॉक्सीसायलेन असतं. त्यात सिलिकॉनला थेट जोडलेला हायड्रोजन एकही नाही. भिंतीच्या छिद्रांतल्या ओलाव्याने इथॉक्सी गट सुटतात, अल्कोहोल उडून जातं, सिलिकॉन काँक्रीटला ऑक्सिजनमार्फत चिकटतो आणि अल्काइलची शेपटी पाण्याला आत येऊ देत नाही. जवळ गेलं की स्पिरिटचा हलका वास येतो तो त्या अल्कोहोलचा. पेटणाऱ्या वायूशी याचा संबंध नावापुरताच. त्यामुळे कुठल्याही सायलेनचं नाव समोर आलं की आधी मोजा: सिलिकॉनच्या चार हातांपैकी किती हातांत हायड्रोजन आहे? या लेखात पुढे जे आहे ते निदान एक हात हायड्रोजनकडे असलेल्या संयुगांबद्दल.

दुसरी पायरी: मिथेन आणि सायलेन शेजारी ठेवा

पॉलिंगच्या मोजपट्टीवर कार्बनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद) २.५५, हायड्रोजनची २.२० आणि सिलिकॉनची १.९०. हायड्रोजन मधोमध आहे, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कार्बनशेजारी तो किंचित धन होतो, सिलिकॉनशेजारी किंचित ऋण. म्हणून ऑक्सिडीकरण अंक लिहिताना मिथेनमध्ये कार्बन उणे ४ आणि हायड्रोजन अधिक १ येतो, तर सायलेनमध्ये सिलिकॉन अधिक ४ आणि हायड्रोजन उणे १. स्पर्धापरीक्षांत या एका ठिकाणी खूप गुण जातात.

आता मापं बघा. कार्बन-हायड्रोजन बंधाची लांबी सुमारे १.०९ अँगस्ट्रॉम, सिलिकॉन-हायड्रोजनची सुमारे १.४८. पहिल्याची सरासरी बंधऊर्जा मोलला ४१३ किलोजूलच्या आसपास, दुसऱ्याची ३१८ च्या आसपास. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध मात्र ४५० च्या घरात. म्हणजे सिलिकॉनला ऑक्सिजन दिसला की उतार त्याच बाजूला आहे. तिकडे जायला वाटही मोकळी असते, कारण सिलिकॉनचा अणू मोठा आहे आणि बाहेरून येणाऱ्या ऋणभारित कणाला पाचव्या जागी तात्पुरतं बसवून घेऊ शकतो. जुन्या गाइडांमध्ये याचं कारण रिकाम्या ३डी कक्षिका असं देतात. आज याचा हिशेब प्रतिबंधी सिग्मा कक्षिकांवरून मांडला जातो. परीक्षेत काय लिहायचं ते तुमच्या सरांना विचारा, पण समजून घेताना दुसरं धरा.

हायड्रोजन खरंच ऋण आहे हे पटवून देणारा प्रयोग कागदावरच करता येतो. सायलेन अल्कलीच्या पाण्यात सोडलं की सिलिकेट बनतं आणि एका रेणूमागे हायड्रोजन वायूचे चार रेणू सुटतात. चार रेणू म्हणजे आठ अणू, पण सायलेनकडे तर चारच होते! उरलेले चार पाण्याकडून आणि हायड्रॉक्साइडकडून आले. सिलिकॉनवरचा प्रत्येक ऋण हायड्रोजन समोरच्या एका धन हायड्रोजनला भेटला आणि जोडी उडून गेली. मिथेनच्या बाबतीत असं काही घडत नाही. आणखी एक गंमत: शुद्ध पाण्याशी सायलेन जवळजवळ काहीच करत नाही, पण साध्या काचेतून पाण्यात उतरलेली किंचित अल्कलीसुद्धा अभिक्रिया सुरू करायला पुरते. सिलिकाच्या भांड्यात तेच पाणी शांत राहतं.

हाच हिशेब डायसायलेनला लावून बघा. सात रेणू हायड्रोजन यायला हवा: सहा सिलिकॉन-हायड्रोजन बंधांचे आणि एक सिलिकॉन-सिलिकॉन बंध तुटल्याचा. हे स्वतः मांडून समीकरण तोललंत, तर हा धडा निम्मा झाला समजा.

तिसरी पायरी: साखळी कुठे थांबते

मोनोसायलेनचा उत्कलनबिंदू उणे ११२ अंश सेल्सिअस, डायसायलेनचा उणे १४, ट्रायसायलेनचा ५३. साखळी वाढते तशी ती अस्थिर होत जाते. सिलिकॉन-सिलिकॉन बंध मुळात कमजोर, आणि आजूबाजूला ऑक्सिजन टपलेला. कार्बनसारखं लांबलचक विश्व इथे उभं राहत नाही.

इतिहास थोडक्यात. व्होलर आणि बुफ यांनी १८५७ मध्ये हा पेटणारा वायू पहिल्यांदा मिळवला. फ्रीडेल आणि लाडेनबुर्ग यांनी १८६७ मध्ये तो शुद्ध स्वरूपात बनवला. मोआसाँ आणि स्माइल्स यांनी १९०२ मध्ये डायसायलेन वेगळं केलं. पण खरं काम आल्फ्रेड श्टॉक यांचं. हवेचा कणही लागू न देता वायू एका काचेच्या नळीतून दुसरीत नेण्यासाठी त्यांनी निर्वात जोडणी उभी केली आणि १९१६ पासून एकेक सायलेन वेगळं करत नेलं. सायलेन हे नावही त्यांचंच. त्या जोडणीचे झडप आणि पंप पाऱ्यावर चालायचे. पाऱ्याच्या वाफेने ते स्वतः वर्षानुवर्षं आजारी राहिले, डोकेदुखी आणि विस्मरणाने हैराण झाले, आणि कारण कळल्यावर १९२६ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याबद्दल जगाला सावध केलं. श्लेंक लाइनवर (हवा न लागू देता काम करायच्या काचेच्या जोडणीवर) पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट सांगतेच.

चौथी पायरी: आग समजून घ्या

मोनोसायलेन हवेत आपोआप पेटतं, पांढरा सिलिकाचा धूर आणि पाण्याची वाफ होते. ते हवेत दीड टक्क्याच्या आसपास असलं तरी पेटू शकतं. पण खरा धोका ते पेटलं नाही तेव्हा असतो. गळती वेगाने होत असेल तर कधीकधी ते लगेच पेट घेत नाही, साठत राहतं आणि मग स्फोट होतो. म्हणूनच सिलिंडरच्या सायलेनला हात लावायची जागा म्हणजे वायू-कपाट, गळतीसूचक आणि प्रशिक्षित माणूस असलेली जागा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते आणायचं नाही, विषय संपला.

मॅग्नेशियम सिलिसाइडचे कण सौम्य आम्लात टाकून बुडबुड्यागणिक फटाक्यासारखा टप् आवाज आणि पांढरी वलयं दाखवायचा जुना वर्गप्रयोग आहे. तो शिक्षकांनी, काचेआड, चिमूटभरच करावा. वाळू आणि मॅग्नेशियम तापवून सिलिसाइड घरी करायला जाऊ नका, आणि चौपाटीची वाळू तर अजिबात नको. ओली वाळू आणि तापलेलं मॅग्नेशियम एकत्र आलं की सगळं मिश्रण अंगावर उडतं.

हायड्रोजनच्या जागी अल्काइल गट बसत गेले की हा तापटपणा झपाट्याने उतरतो. ट्रायइथाइलसायलेन हवेत बाटली उघडून सिरिंजने काढता येतं, पाण्यालाही ते घाबरत नाही. ज्वलनशील मात्र आहे. त्याचा प्रज्वलनांक (ज्या तापमानाला वाफा पेट घेऊ शकतात ते) शून्याच्या खाली आहे, तेव्हा शेजारी हॉट प्लेट लाल झालेली नको.

पाचवी पायरी: कामाला योग्य सायलेन निवडा

प्रकल्पाला आलेल्या मुलांना मी सगळ्यात आधी ट्रायइथाइलसायलेन देते. उत्कलनबिंदू १०७ अंशांच्या आसपास, घनता पाण्याच्या पाऊणपटीहून थोडी कमी, स्वभाव शांत. आम्लाबरोबर वापरलं की हायड्राइड (म्हणजे ऋणभारित हायड्रोजन) देणारं क्षपणक, पॅलॅडियमबरोबर वापरलं की हायड्रोजनचा सौम्य स्रोत. महाग आहे, पण पहिल्या महिन्यात मनासारखं वागणारं रसायन हातात असलेलं बरं.

स्वस्तातलं हवं असेल तर पॉलिमिथाइलहायड्रोसायलॉक्सेन. आमच्याकडे सगळे त्याला पीएमएचएसच म्हणतात. सिलिकोन उद्योगाच्या जोडउत्पादनापासून ते बनतं. तेलासारखं असतं, वास नाही, हवेत टिकतं. कापडाला आणि जिप्समला पाणी लागू नये म्हणूनही ते वापरतात. त्याच्या भोळ्या रूपाला मात्र फसायचं नाही, त्याबद्दल खाली सविस्तर.

ट्रायक्लोरोसायलेन उत्कलनबिंदूवरूनच ओळखा: सुमारे ३२ अंश. मुंबईत मे महिन्यात दुपारी एसी बंद पडला तर बाटलीतलं ट्रायक्लोरोसायलेन उकळीला आलेलं असतं. उघडण्याआधी बाटली बर्फात अर्धा तास गार करायचीच. पावसाळ्यातल्या दमट हवेत झाकण निघताक्षणी हायड्रोजन क्लोराइडचा पांढरा धूर येतो. फ्यूम हूडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) बाहेर ती बाटली यायलाच नको. या संयुगाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. तीन क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढत असल्यामुळे तृतीयक अमाइन समोर आलं की इथला हायड्रोजन चक्क प्रोटॉन म्हणून निघून जातो आणि मागे सिलिकॉनवर ऋणभार राहतो. बेंकेसर यांच्या नावाने ओळखली जाणारी अभिक्रिया यावरच चालते. म्हणजे आपण धरून ठेवलेल्या नियमालाही शेजाऱ्यांप्रमाणे वागावं लागतं.

ट्रायइथॉक्सीसायलेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नवख्याने घेऊ नये. काही उत्प्रेरकांबरोबर, विशेषतः टायटॅनियमच्या अल्कॉक्साइडांबरोबर, त्याचे गट आपसात अदलाबदल करतात आणि फ्लास्कमध्ये चक्क मोनोसायलेन तयार होतं. यातून आगी लागल्याच्या नोंदी आहेत. मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांच्या) अभिक्रियांसाठी ट्रायब्युटाइलटिन हायड्राइडचं विष टाळायचं असेल तर ट्रिस(ट्रायमिथाइलसिलिल)सायलेन आहे. त्यातला सिलिकॉन-हायड्रोजन बंध बराच सैल असतो.

सहावी पायरी: बेंचवर एक अभिक्रिया

शिकायला सगळ्यात चांगली अभिक्रिया म्हणजे बेंझोफिनोनपासून डायफिनाइलमिथेन. मार्गदर्शक बाजूला उभे असतील तेव्हाच, आणि फ्यूम हूडमध्ये.

रसायनं आधी मागवून ठेवा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरून बरंच काही मिळतं, पण बाटली पिशवीत घालून चर्नी रोडहून लोकल पकडायची नाही. ज्वलनशील द्रव रेल्वेतून नेणं गुन्हा आहे, आणि संध्याकाळच्या गर्दीत बाटली फुटली तर काय होईल याचा विचारही नको. माल थेट लॅबच्या पत्त्यावर येऊ द्या.

कोरड्या ५० मिलीच्या राउंड बॉटम फ्लास्कमध्ये १.८२ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल बेंझोफिनोन घ्या. स्टरबार टाका, ८ ते १० मिली ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल घाला, बर्फावर ठेवा. या आम्लाने त्वचा खोलवर भाजते, हातमोज्यांवर थेंब पडला तर मोजा लगेच बदला. मग २२ मिलिमोल ट्रायइथाइलसायलेन, म्हणजे सुमारे ३.५ मिली, सिरिंजने थेंबथेंब सोडा. सेप्टममध्ये (फ्लास्कच्या तोंडावरच्या रबरी बुचात) सुई टोचून ती बबलरला (वायू बाहेर जाऊ देणाऱ्या नळीला) जोडलेली हवी, बंद फ्लास्क कधीही नको. थेंब संपले की बर्फ काढा आणि टीएलसीवर (पातळ थराच्या पट्टीवर घटक वेगळे करून बघायच्या चाचणीत) बेंझोफिनोनचा ठिपका जाईपर्यंत ढवळत ठेवा.

सायलेन दुप्पट का घ्यायचं? आम्ल कार्बोनिलच्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं आणि कार्बनवर धनभार येतो. तिथे सायलेनचा हायड्रोजन दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन येऊन बसतो, सिलिकॉन ट्रायफ्लुओरोअॅसेटेटच्या ऑक्सिजनकडे जातो. हे झालं अल्कोहोल. मग आम्ल त्या अल्कोहोलचं पाणी काढून घेतं, दोन फिनाइल वलयांनी सांभाळलेला धनभारित कार्बन उरतो आणि सायलेनचा दुसरा रेणू त्याला हायड्राइड देतो. हीच कृती सायक्लोहेक्झॅनोनवर केलीत तर सायक्लोहेक्झेन मिळणार नाही, कारण तिथे धनभार सांभाळायला वलयं नाहीत. हे एकदा प्रत्यक्ष करून बघितलं की कार्बोकॅटायनची (धनभारित कार्बनची) स्थिरता कायमची डोक्यात बसते.

वर्कअपला, म्हणजे अभिक्रिया संपल्यावर उत्पादन वेगळं काढायला, मिश्रण बर्फावर ओता. सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण थोडं थोडं घाला, कारण कार्बन डायऑक्साइडचा फेस वर येतो. हेक्झेनने काढून घ्या, मिठाच्या पाण्याने धुवा, सोडियम सल्फेटवर सुकवा.

आता खरी डोकेदुखी. सायलेनमधला सिलिकॉन शेवटी ट्रायइथाइलसिलॅनॉल आणि हेक्झाइथाइलडायसायलॉक्सेन होऊन बसतो. हा डायसायलॉक्सेन तुमच्या उत्पादनाइतकाच अध्रुवीय आहे, शुद्धीकरणाच्या कॉलमवर हेक्झेनबरोबर पुढेच पळतो आणि यूव्ही दिव्याखाली दिसतही नाही. टीएलसी स्वच्छ, वजन जास्त, उतारा शंभर टक्क्यांच्या वर! दरवर्षी कुणीतरी ‘मॅडम, एकशे चाळीस टक्के!’ म्हणत आनंदाने धावत येतं. कॉलम लांब घ्या, घाई करू नका, आणि प्रत्येक फ्रॅक्शनचं (कॉलममधून टप्प्याटप्प्याने गोळा केलेल्या भागाचं) एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत दाखवणारा आलेख, बघा. ०.५ आणि ०.९ पीपीएमजवळ चतुष्क आणि त्रिक दिसलं की इथाइलवाला सिलिकॉन अजून आत आहे.

डायफिनाइलमिथेनचा द्रवणांक २५ अंशांच्या आसपास. आमच्या एसी खोलीत ते पांढऱ्या स्फटिकांत गोठतं आणि व्हायल हातात घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेलं की दोन मिनिटांत पाणी होतं. पहिल्यांदा बघणाऱ्या मुलाला वाटतं काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं.

सातवी पायरी: सिलिकॉन-हायड्रोजन बंध डोळ्यांनी बघा

आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) २१०० ते २२६० प्रतिसेंटिमीटर हा पट्टा बहुतेक कार्बनी संयुगांत रिकामा असतो. सायलेन तिथेच दिसतं, उंच आणि धारदार. ट्रायइथाइलसायलेन २१०० जवळ, पीएमएचएस २१६० जवळ, ट्रायक्लोरोसायलेन २२६० जवळ. शेजारी जितके इलेक्ट्रॉन ओढणारे, तितका पट्टा वर सरकतो. हा अनुक्रम पाठ करण्यापेक्षा वरच्या विद्युतऋणतेवरून काढा.

प्रोटॉन एनएमआरमध्ये ट्रायइथाइलसायलेनचा तो एक हायड्रोजन ३.६ पीपीएमजवळ सप्तक म्हणून येतो. डायफिनाइलमिथेनचा दोन हायड्रोजनचा एकेरी संकेत ३.९८ ला. दोन्ही शेजारी असल्यामुळे घाईत गल्लत होते. बारकाईने बघितलं तर सप्तकाच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून सुमारे १८० हर्ट्झवर, दोन छोटी पिल्लं दिसतात. निसर्गात ४.७ टक्के असलेल्या सिलिकॉन-२९ मुळे ती येतात. ती सापडली की हा हायड्रोजन सिलिकॉनवरच आहे याबद्दल शंका राहत नाही.

आठवी पायरी: उरलेलं मारायचं (निष्क्रिय करायचं) कसं

या पायरीसाठीच मी हा लेख लिहायला बसले.

पीएमएचएसच्या एका घटकाचं वस्तुमान ६०, घनता जवळपास १. म्हणजे १०० मिलीमध्ये सुमारे १.७ मोल सिलिकॉन-हायड्रोजन बंध. अल्कलीशी गाठ पडली तर त्यातून ४० लिटरच्या आसपास हायड्रोजन सुटतो. ऑफिसात येणारे २० लिटरचे पाण्याचे दोन जार भरतील इतका.

माझ्या पहिल्या नोकरीच्या लॅबमध्ये, उपनगरातच, एका रात्री कुणीतरी पीएमएचएस वापरलेला फ्लास्क न धुता बेस बाथमध्ये टाकला. काच साफ करायला आयसोप्रोपेनॉलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड विरघळवलेला तो टब. फ्लास्कच्या तळाशी तेल फार तर १० मिली असेल. आधी बारीक बुडबुडे आले, मग साबणासारखा फेस चढत टबच्या कडेवरून खाली आला आणि आयसोप्रोपेनॉल फरशीवर पसरलं. वर हायड्रोजन, खाली स्पिरिटसारखा द्रव. आमच्या सीनियर ताईंनी खोलीतल्या कुठल्याही बटणाला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढलं आणि पॅसेजमधल्या मेन पॅनेलवरून त्या खोलीची वीज तोडली. कुणाला काही झालं नाही. फेस बसल्यावर टबमध्ये खोबऱ्याच्या वडीसारखा पांढरा जेल राहिला होता, तो पुढे दोन दिवस खरवडत होतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. सायलेन लागलेली काच आधी द्रावकाने दोनदा विसळायची आणि ते विसळणं वेगळ्या भांड्यात साठवायचं. थोडंसंच उरलेलं असेल तर मोठ्या, उघड्या तोंडाच्या भांड्यात, फ्यूम हूडमध्ये, बर्फावर, नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली मारायचं. क्रम महत्त्वाचा: आधी भरपूर मिथेनॉल, मग ढवळत ढवळत सौम्य अल्कली, थेंबाथेंबाने. कोरड्या अवस्थेत तीव्र अल्कली किंवा फ्लोराइड घातलं तर पीएमएचएसमधून मिथाइलसायलेन हा आपोआप पेटणारा वायू निघू शकतो. बुडबुडे थांबले तरी रात्रभर झाकण न लावता ठेवा. सकाळी आयआर घ्या, २१६० चा पट्टा पूर्ण गेला असेल तरच पुढे.

सेपरेटिंग फनेलमध्ये अल्कली घालून बूच लावून हलवायचं नाही, दाबाने बूच उडतं आणि जेलने तोटी तुंबते. सायलेनचा कचरा अल्कलीच्या, अल्कोहोलच्या किंवा धातू-उत्प्रेरकाच्या कचऱ्यात ओतायचा नाही. बाटलीवर ‘हायड्रोजन सोडतं’ असं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा, कारण रात्री लॅब झाडायला येणाऱ्या मावशी ते वाचतात. जास्त प्रमाण असेल तर स्वतः मारायच्या भानगडीत न पडता संस्थेमार्फत घातक कचरा म्हणून पाठवा. आणि न उघडलेली जुनी बाटली फुगलेली दिसली तर झाकणाला हात न लावता वरिष्ठांना बोलवा.

नववी पायरी: लॅबच्या बाहेर कुठे भेटतं

गच्चीवरच्या सोलर पॅनेलमधला सिलिकॉन बहुतेक ट्रायक्लोरोसायलेनच्या वाटेने आलेला असतो. अशुद्ध सिलिकॉनवर ३०० अंशांच्या आसपास हायड्रोजन क्लोराइड सोडतात, बनलेलं ट्रायक्लोरोसायलेन ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात, आणि तापलेल्या सळयांवर सुमारे ११०० अंशांना हायड्रोजनबरोबर पुन्हा सिलिकॉन बसवतात. पॅनेलवरची निळी झाक सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ थराची, तो थर सायलेन आणि अमोनियाच्या प्लाझ्मातून चढवतात.

पण एक मोठा वापर आपल्याला दिसतच नाही. सिलिकॉन-हायड्रोजन बंध दुहेरी बंधावर बसवायचा, हायड्रोजन एका कार्बनवर, सिलिकॉन टोकाच्या कार्बनवर. याला हायड्रोसिलिलेशन म्हणतात. १९४७ मध्ये सॉमर आणि सहकाऱ्यांनी पेरॉक्साइडने हे करून दाखवलं, १९५७ मध्ये स्पायर यांनी क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचा कणभर वापर पुरतो हे दाखवलं, आणि पुढे कार्स्टेट यांच्या प्लॅटिनम उत्प्रेरकाने सिलिकोन उद्योगात ते सर्रास झालं. बाळाच्या बाटलीचं सिलिकोनचं बोंडलं, केकचे मऊ साचे, यातलं बरंच काही असंच घट्ट होतं.

मागच्या वर्षी दाढेला कॅप बसवायला गेले तेव्हा ही अभिक्रिया माझ्या तोंडातच झाली. माप घ्यायची दोन रंगांची पुट्टी डॉक्टरांच्या मदतनीस मुलीने मळायला घेतली. एका रंगात सिलिकॉन-हायड्रोजन बंध असलेलं सायलॉक्सेन, दुसऱ्यात व्हिनाइल गट आणि प्लॅटिनम. मळण्याआधी तिने लेटेक्सचे मोजे काढून दुसरे घातले. मी कारण विचारलं. म्हणाली, “त्या मोज्यांनी पुट्टी सेटच होत नाही, मॅडम.” लेटेक्समधल्या गंधकाच्या संयुगांनी प्लॅटिनम निकामी होतं. चार मिनिटांत पुट्टी रबरासारखी घट्ट झाली, माप निघालं. मला वाटलं आता लगेच प्लास्टर ओततील. तिने ते ट्रेमध्ये ठेवलं, वर वेळ लिहिली आणि म्हणाली, “तासभर ठेवायला लागतं. लगेच ओतलं की मॉडेलवर बारीक बारीक बुडबुडे उठतात.”

तो हायड्रोजनच होता.